कंपनीच्या वकिलांची कॉन्फरन्स भरवताय? मग स्पीकर कसे शोधायचे ते वाचा

आधीच सांगतो, मी इव्हेंटवाला नाही. जळगाव एमआयडीसीतल्या एका कारखान्यात लीगल बघतो, आणि आमचं लीगल डिपार्टमेंट म्हणजे मी, एक ज्युनियर मुलगी आणि एक लोखंडी कपाट. पण जळगाव-धुळे-नंदुरबारकडचे कंपन्यांमधले लीगलवाले आणि सीएस (कंपनी सेक्रेटरी) लोक असे पन्नास-साठ जण वर्षातून एक दिवस जमतो, आणि त्यात स्पीकर आणायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण पहिल्या मीटिंगला मी उशिरा पोचलो आणि तोवर बाकीच्यांनी हॉल, जेवण, बॅनर ही सोपी कामं वाटून घेतली होती. आता दुसरीकडून फोन येतात की भाऊ तुम्ही स्पीकर कसे ठरवता, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

पहिल्या वर्षी आम्ही माती खाल्ली. मोठं नाव पाहिजे म्हणून मुंबईहून एक सिनियर वकील आणले, नाव सांगत नाही, माणूस हुशारच होता, पण ते सव्वा तास बोलले परदेशातल्या कंपन्यांच्या विलीनीकरणावर. समोर बसलेले कोण तर डाळ मिलवाले, सूतगिरणीवाले, पाईपवाले, चटईवाले. सगळे मान हलवत होते, कोणाला काही लागू पडत नव्हतं. जेवताना धुळ्याचा एक जण वरण-बट्टी कुस्करता कुस्करता म्हणाला, "आमनी कंपनी कोनी इकत लेवाले येत नही भो, आमले ते चेक बाऊन्सनं सांगा." सगळे हसले, मी पण हसलो, पण ते वाक्य डोक्यात बसलं.

म्हणून पहिली गोष्ट, स्पीकर हुद्दा बघून ठरवू नका, फाईल बघून ठरवा. म्हणजे त्या माणसाच्या टेबलावर अशी कोणती फाईल येऊन गेली जी उद्या आपल्याही टेबलावर येणार आहे, एवढंच बघा. कलम काय म्हणतं ते मोबाईलवर मिळतं. पण कलम वाचल्यावर त्याने एमडीला काय सांगितलं, एमडीने ऐकलं का, नाही ऐकलं तर मग कागदावर काय लिहून ठेवलं, हे मोबाईलवर मिळत नाही. कोर्टातला वकील आणि आपण यात फरकच हा आहे, तो केस उभी राहिल्यावर येतो आणि आपण ती उभी राहू नये म्हणून पर्चेसवाल्याशी रोज भांडतो.

उदाहरण देतो. आमच्याकडे आत्तापर्यंतचं सगळ्यात जमलेलं सेशन कोणी घेतलं, तर एका मध्यम कंपनीतल्या आपल्यासारख्याच लीगल मॅनेजरने. विषय एमएसएमईचं, म्हणजे छोट्या उद्योगांचं, पेमेंट. आता २००६ च्या कायद्यात छोट्या सप्लायरला ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायचे हे सगळ्यांना पाठ आहे, उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट व्याज आणि ते पण महिन्याला चक्रवाढ, हेही ऐकून माहीत असतं. त्या भाऊने काय केलं, कौन्सिलकडून (पैसे थकले की सप्लायर जिथे तक्रार करतो ती सरकारी कौन्सिल) आलेली पहिली नोटीस नावं खोडून स्क्रीनवर लावली आणि विचारलं, ही नोटीस तुमच्या कंपनीत कोणाच्या टेबलावर पडेल? हॉलमधून उत्तरं आली, पर्चेस, अकाउंट, गेटवरचा वॉचमन. तो म्हणाला आमच्याकडे ती पर्चेसच्या ट्रेमध्ये कित्येक आठवडे पडून होती, मग अवॉर्ड, म्हणजे कौन्सिलचा निकाल, झाला, आणि अवॉर्डला चॅलेंज करायचं तर आधी ७५ टक्के रक्कम भरा असं कलम १९ सांगतं, तेव्हा कुठे मालकाने मला केबिनमध्ये बोलावलं. त्यानंतर त्याने इनवर्ड रजिस्टर कसं बदललं, शिक्का कोणता बनवला, सप्लायरचा उद्यम नंबर (छोट्या उद्योगाचा सरकारी नोंदणी नंबर) पीओवरच, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरवरच, कसा टाकायला लावला, हे सांगितलं. वीस मिनिटं बोलला असेल. लोकांनी त्या शिक्क्याचे फोटो काढले भो! स्लाईडचे फोटो सगळे काढतात, शिक्क्याचे काढतात म्हणजे उद्या ते वापरणार आहेत.

असा माणूस सापडायचा कसा? त्याचं लिंक्डइन बघून काही कळत नाही, तिथे सगळेच थॉट लीडर आहेत. मी तीन ठिकाणी विचारतो. एक, लेबर कोर्टात नेहमी उभे राहणारे वकील, त्यांना बरोबर माहीत असतं की कोणत्या कंपनीचा लीगलवाला फाईल तयार करून आणतो आणि कोणाचा नुसता ड्रायव्हरच्या हाती पाकीट पाठवतो. दोन, सीए आणि सीएस मंडळी. तीन, मागच्या वर्षी ज्याने सगळ्यात अवघड प्रश्न विचारला तो श्रोता, बऱ्याचदा उत्तर त्याच्याकडेच असतं, त्याला फक्त माईक दिलेला नसतो.

आता फोन. हे सगळ्यात महत्त्वाचं काम आहे आणि हेच सगळे टाळतात, नुसतं इन्व्हिटेशन मेल करून मोकळे होतात. स्पीकरने हो म्हटल्यावर त्याच्याशी निदान अर्धा तास बोला. मी असं विचारतो की साहेब, या विषयात तुमचं कुठे चुकलं? मग गप्प बसतो. जो म्हणतो "तसं काही विशेष नाही", त्याला पॅनलवर ठेवतो, एकट्याचं सेशन देत नाही. जो दोन सेकंद थांबून "आता सांगायला हरकत नाही..." असं सुरू करतो, तो आपला माणूस. दुसरं विचारायचं, हे ऐकून आमचे लोक सोमवारी ऑफिसात जाऊन नक्की कोणता कागद बदलतील? उत्तर आलं नाही तर विषय अजून रुंद आहे, अजून अरुंद करायचा.

विषय अरुंद करणं म्हणजे काय ते लेबर कोडवरून सांगतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार लेबर कोड लागू झाले, जुने २९ कायदे त्यात गेले, मग प्रत्येक स्पीकरला त्यावरच बोलायचं असतं आणि प्रत्येक जण "ओव्हरव्ह्यू" देतो. ओव्हरव्ह्यू नको. त्याला म्हणा, फक्त वेजेसच्या व्याख्येवर बोला, भत्ते एकूण पगाराच्या ५० टक्क्यांच्या वर गेले की वरचा भाग वेजेसमध्ये धरायचा, तर एका कामगाराची खरी पगार स्लिप घ्या आणि बोर्डवर आमच्यासमोर जुनी-नवी मांडून दाखवा, ग्रॅच्युइटी आणि पीएफचं काय होतं ते सांगा. किंवा फिक्स्ड टर्मवाल्याला, म्हणजे ठरावीक मुदतीच्या करारावरच्या कामगाराला, एका वर्षात ग्रॅच्युइटी, एवढंच घ्या आणि सीझनल कामगार असलेल्या जिनिंगवाल्याने करार कसा लिहायचा ते दाखवा. यासाठी दिल्लीचा मोठा लेबर एक्स्पर्ट लागत नाही, ज्याने स्वतः युनियनसमोर बसून हे समजावलंय असा भुसावळ किंवा शिरपूरकडचा एचआर-लीगलवाला पुरतो, आणि तो डबा घेऊन येतो. डेटा प्रोटेक्शनचं पण तसंच, २०२३ च्या कायद्यातला २५० कोटींपर्यंतचा दंड सांगून घाबरवणारे खूप मिळतील, त्यांना फक्त विचारा की गेटवरच्या व्हिजिटर रजिस्टरचं आणि अंगठ्याच्या मशीनचं काय करायचं.

एक विषय मात्र असा आहे की त्याला चांगला, अगदी हायकोर्टातला वकील आणाच. ३१ ऑक्टोबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कंपनीत पगारावर असलेल्या वकिलाला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ चं संरक्षण (वकील-अशिलातलं बोलणं गुप्त राहतं ते) नाही, कारण तो कोर्टात प्रॅक्टिस करणारा वकील नाही. कलम १३४ मध्ये थोडा आडोसा आहे, पण मालक आणि आपण यांच्यातल्या बोलण्याला तो नाही. म्हणजे रात्री अकराला एमडीला मेल टाकला की "साहेब, यात चूक आपलीच आहे", तर तो मेल उद्या कुठे निघेल सांगता येत नाही. हे मी पहिल्यांदा आमच्या लोकांना सांगितलं तेव्हा निम्म्यांनी खिशातून मोबाईल काढला, बहुतेक जुने मेल आठवले असतील. या विषयाला निकाल वाचून दाखवणारा नको. मत लेखी कोणी द्यायचं, बाहेरच्या वकिलाकडून कधी घ्यायचं, मेलमध्ये काय लिहायचं आणि काय समोरासमोर बोलायचं, हे जो सांगेल तो पाहिजे. आपले तिन्ही जिल्हे औरंगाबाद खंडपीठाखाली येतात, तर छत्रपती संभाजीनगरला हायकोर्टात असे वकील मिळतात, अजिंठ्याच्या रस्त्याने साधारण १६० किलोमीटर, सकाळी निघाले तर सेशनला पोचतात, फक्त त्यांचं सेशन पहिलं ठेवू नका, घाटात ट्रक आडवा झाला की गेला कार्यक्रम.

बाहेरचे वकील बोलावताना दोन-तीन गोष्टी सांभाळा. बार कौन्सिलचा नियम ३६ वकिलाला स्वतःची जाहिरात करू देत नाही, त्यामुळे फर्मच्या वकिलाला स्टेजवर "आमच्या सेवा" सुरू करू देऊ नका, त्याच्यासाठी पण वाईट आणि आपल्या लोकांची पण दहा मिनिटं जातात. आणि उलट बाजूने, आपल्यातल्या फुल टाईम पगारी माणसाला नियम ४९ मुळे प्रॅक्टिस करता येत नाही, सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, सस्पेंड करून ठेवावी लागते, तर ब्रोशरवर सवयीने सगळ्यांच्या नावामागे "अ‍ॅड." छापू नका. आम्ही एकदा छापलं, साठ कार्डं फुकट गेली आणि ज्याचं नाव होतं तो बिचारा दिवसभर लोकांना समजावत बसला. आधी विचारा, मग छापा.

न्यायाधीश बोलवायचे का? रिटायर्ड असतील तर जरूर, फार छान बोलतात, खास करून आपण ड्राफ्ट केलेली उत्तरं वाचताना त्यांना काय वाटायचं हे सांगतात तेव्हा. पण सर्व्हिसमधल्या साहेबांना कंपन्यांच्या पैशाच्या कार्यक्रमात बोलावून अवघड करू नका. सुप्रीम कोर्टाने १९९७ मध्ये न्यायाधीशांसाठी जी आचारतत्त्वं ठरवली त्यात घरचे, नातेवाईक, मित्र सोडून कोणाचा पाहुणचार घेऊ नये असं सरळ आहे, आणि समोर बसलेल्या साठांपैकी कोणाची तरी मॅटर त्यांच्याच बोर्डावर असणार.

स्पीकर लिस्टेड, म्हणजे शेअर बाजारात नोंदलेल्या, कंपनीतला असेल तर त्याला त्याच्या ऑफिसची परवानगी लागते, कॉर्पोरेट कम्युनिकेशनवाले स्लाईड तपासतात, याला सहज महिना जातो. त्याच्यावर घाई केली की मग त्या स्लाईड अशा धुऊन येतात की त्यात कंपनीचा लोगो आणि "थँक यू" एवढंच उरतं. सेबीच्या इनसायडर ट्रेडिंगच्या २०१५ च्या नियमांमुळे तो काही गोष्टी बोलूच शकत नाही, पेंडिंग केसबद्दल पण नाही, तर प्रश्न घेणाऱ्याने हे आधीच सांभाळून घ्यायचं, त्याला स्टेजवर नाही म्हणायची वेळ आणायची नाही.

याच्यावर एक उपाय आहे, चॅटहॅम हाऊसचा नियम. लंडनच्या त्या संस्थेत १९२७ पासून चालत आलाय. जे ऐकलं ते वापरा, पण कोण बोललं, कोणत्या कंपनीचं, हे बाहेर सांगायचं नाही. आम्ही दुपारचं एक सेशन तसं ठेवतो, रेकॉर्डिंग बंद, फोटो बंद, ग्रुपवर टाकणं बंद. आणि हे अनाउन्स करताना इंग्रजीत भारी करून सांगू नका, सरळ म्हणा की इथली गोष्ट इथेच ठेवायची. आपल्याकडे लोकांना ते बरोबर कळतं, कारण जळगावात कोण कोणाचा साडू आहे ते तुम्हाला माहीत नसतं.

पॅनलबद्दल थोडक्यात. चार जण आणि वर मॉडरेटर म्हणजे ४५ मिनिटांत प्रत्येकाला खरं बोलायला सात-आठ मिनिटं, त्यात दोघे "माझ्या आधीच्या वक्त्यांनी सगळं सांगितलंच आहे" यात घालवतात. तीनच घ्या. आणि तिघेही एकाच मताचे नकोत, एक कंपनीचा लीगलवाला, एक बाहेरचा वकील आणि एक ज्याला आपल्या लोकांचा त्रास होतो असा, म्हणजे सेल्स हेड किंवा पर्चेस हेड. हा तिसरा माणूस आणायचं डोकं आमच्या ज्युनियर मुलीचं, आणि सेल्सवाल्याने भर स्टेजवर सांगितलं की लीगलकडे अ‍ॅग्रीमेंट पाठवलं की आम्ही पार्टीला आधीच सांगून ठेवतो, आता दिवाळीनंतर बोलू. असं आपल्याला आपल्या ऑफिसात कोणी तोंडावर सांगत नाही.

प्रश्न चिठ्ठीवर घ्या. माईक फिरवला की एक तर कोणी उठत नाही, कारण त्याच्या एमडीचा मित्र समोर बसलेला असतो, नाहीतर उठतो तो स्वतःच भाषण करतो. चिठ्ठी आली की नाव नाही, गाव नाही, प्रश्न कसा थेट येतो बघा, "मालक मागच्या तारखेचा स्टॅम्प आणायला सांगतात, काय करू" असा. याला उत्तर देणारा स्पीकर खरा. आणि भाषेचं आधीच सांगून ठेवा. मुंबई-पुण्याचे लोक इंग्रजीतच तयारी करून येतात, त्यांना म्हणा शब्द इंग्रजी असू द्या, वाक्य मराठी असू द्या. ज्याला मराठी येतच नाही त्याला हिंदी चालेल, इथे सगळ्यांना येते. कोणी मध्येच अहिराणीत प्रश्न विचारला तर मॉडरेटर आपला पाहिजे, निदान हसायचं कधी ते तरी कळतं.

तारीख. मे महिन्यात तर नावच काढू नका, पारा ४४-४५ वर आणि बाहेरचा माणूस रेल्वे स्टेशनवर उतरून परतीची गाडी विचारतो. मार्च एंड नाही. सप्टेंबर नाही, कारण ३० तारखेपर्यंत एजीएम (कंपन्यांच्या वार्षिक सभा), सीएस लोक फोन उचलत नाहीत, आणि त्यानंतर फाइलिंग आणि दिवाळी. डिसेंबर-जानेवारीतला दुसरा किंवा चौथा शनिवार धरा, जिल्हा कोर्टाला सुट्टी असते म्हणून वकील मोकळे, आणि भरिताची वांगी पण तेव्हाच खरी. यात एकच गोम आहे. मुंबईहून येणारा स्पीकर सहा-सात तासांत बरोबर येऊन पोचतो, परत जाताना अडकतो, कारण मुंबईकडे जाणाऱ्या कितीतरी गाड्या उत्तरेतून येतात आणि त्या दिवसांत तिकडे धुकं. एकदा आमच्या पाहुण्या मॅडमची साडेसहाची गाडी रात्री पावणेबाराला आली, आम्ही दोघं प्लॅटफॉर्मवर त्यांना सोबत करत बसलो, मॅडम चांगल्या होत्या म्हणून निभावलं. तेव्हापासून परतीचं तिकीट नागपूरकडून येणाऱ्या गाडीचं बघतो. नंदुरबार-अमळनेरची मंडळी सुरत लाईनने येतात त्यांचा काही प्रश्न नसतो.

पैशाचं पहिल्याच फोनवर बोला, लाजू नका. कंपनीत नोकरी करणारे बहुतेक मानधन घेत नाहीत, जाणं-येणं आणि राहणं द्या. प्रॅक्टिसवाले आणि रिटायर्ड लोक घेतात, घेऊ द्या, त्यांचा दिवस जातो. पॅन नंबर आधीच घ्या, वर्षाचे ५०,००० च्या वर गेले तर १० टक्के टीडीएस कापावा लागतो, आणि वकिलांच्या कार्यक्रमात टीडीएसचा घोळ झाला तर पुढची दहा वर्षं तोच विनोद ऐकावा लागतो. आणखी एक, स्पॉन्सर म्हणेल की आम्हाला सगळ्यांचे मोबाईल नंबर द्या, तर देऊ नका, सकाळी डेटा प्रोटेक्शनवर सेशन आणि संध्याकाळी लिस्ट विकली असं नको.

कार्यक्रमाच्या दिवशी दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, मान्यवरांचं मनोगत यात एक तास सहज खातो. दिवा लावा, बाकी सत्कार जेवणाच्या आधी एकत्र उरका. ओळख तीन ओळींची, आणि त्यात डिग्र्या वाचू नका, ज्या फाईलसाठी त्याला बोलावलंय ती सांगा, "यांच्या कंपनीला कौन्सिलची नोटीस आली होती, पुढे काय झालं ते हेच सांगतील," बस. लोक सरळ बसतात. वेळ संपली की चिठ्ठी पाठवायची, पाच मिनिटं उरली अशी एक आणि "सर, भरीत गार होतंय" अशी दुसरी. दुसऱ्या चिठ्ठीनंतर आजपर्यंत कोणी बोललेलं नाही.

जेवणाला स्पीकरला व्हीआयपी रूममध्ये नेऊन बसवू नका. त्याला सगळ्यांच्या पंगतीत बसवा, कळण्याची भाकरी, भरीत, ठेचा समोर ठेवा, आणि त्याच्या शेजारी दोन नवीन पोरं बसवा जी स्टेजसमोर तोंड उघडत नाहीत. खरे प्रश्न तिथेच निघतात. आमची ज्युनियर वही घेऊन जवळच बसते, कोण काय विचारतं ते लिहून घेते, आणि पुढच्या वर्षीचे विषय आम्ही त्याच वहीतून काढतो. निघताना केळीच्या वेफर्सची पिशवी द्या, मोमेंटो नको, मोमेंटो लोक हॉटेलच्या रूममध्येच विसरून जातात आणि मग ते कुरिअर करायचं काम परत आपल्याच गळ्यात येतं.